‘जो’ आणि ‘-णारा’ : प्रार्थनेच्या मराठीतील एक सांधा

भाषांतरित प्रार्थनांची मराठी कानाला का खटकते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा शब्दांच्या पातळीवर शोधले जाते. अमुक शब्द फार संस्कृत झाला, तमुक शब्द हिंदीतून आला, येथे बोलीतला साधा शब्द चालला असता, अशी ती चर्चा असते. ती निरर्थक नाही. पण खटकण्याचे कारण पुष्कळदा शब्दांत नसून वाक्याच्या सांध्यात असते. नामाला त्याचे वर्णन कोणत्या रीतीने जोडायचे, हा तो सांधा. ‘दया करणारा देव’ म्हणायचे, ‘जो दया करतो तो देव’ म्हणायचे, की ‘देव, जो दया करतो’ असे म्हणायचे? व्याकरणाच्या वहीत हे तिन्ही प्रकार एकाच अर्थाचे ठरतात. उपासनेत ते तसे ठरत नाहीत, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे.

या गैरसमजाचे मूळ शाळेच्या इंग्रजी व्याकरणात आहे. तेथे ‘वाक्यपरिवर्तन’ नावाचा अभ्यास असतो. दारात उभ्या असलेल्या मुलाविषयीचे एक मिश्र वाक्य देतात. त्यातील ‘हू इज’ गाळून नुसते ‘स्टँडिंग’ ठेवले, की केवल वाक्य तयार होते आणि गुण मिळतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजपर्यंत मराठी माणूस इंग्रजी शिकत आला, तो मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून. त्यामुळे इंग्रजीतली ही अदलाबदल मराठीतही तितकीच निरुपद्रवी असावी, अशी त्याची समजूत होते. पुढे हाच विद्यार्थी धर्मग्रामात वाचक होतो, प्रार्थना लिहितो, क्वचित भाषांतरही करतो.

नागपुरात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषा बोलणाऱ्या राज्याची राजधानी होते. आजही आपल्या अनेक कुटुंबांत मुलांची शाळा इंग्रजी, शेजार हिंदी आणि आजीची जपमाळ मराठी असते. तीन भाषांच्या या ये-जात वाक्याचे सांधे नकळत निखळतात व नकळतच चुकीच्या जागी बसतात.

१

प्रथम दोन्ही भाषांची ठेवण पाहू. इंग्रजीत धातुसाधित विशेषण एकटे असेल, तर ते नामाच्या आधी येते : ‘अ क्राइंग चाइल्ड’. त्याच्याबरोबर लवाजमा असेल, तर ते नामाच्या मागे जाते : ‘अ चाइल्ड क्राइंग इन द चर्च’. संबंधी सर्वनामाचे उपवाक्यही मागेच येते : ‘अ चाइल्ड हू इज क्राइंग’. म्हणजे इंग्रजीत नाम आधी ऐकू येते, वर्णन नंतर. म्हणूनच तेथे एक रचना काढून दुसरी बसवताना श्रोत्याला फारसा धक्का बसत नाही.

मराठीचे तसे नाही. आपले धातुसाधित विशेषण आपला सगळा परिवार घेऊन नामाच्या आधी उभे राहते : ‘देवळात आईच्या मांडीवर रडणारे मूल’. आपले ‘जो’चे उपवाक्यही मूळच्या वळणाने आधीच येते, आणि मागून येणारा ‘तो’ त्याला पूर्ण करतो : ‘जे मूल देवळात रडत आहे, ते भुकेले आहे’. तिसरी रचना ‘ते मूल, जे देवळात रडत आहे’ ही. नाम आधी आणि ‘जो’ मागून, हे वळण इंग्रजी गद्याच्या सहवासात आपल्याकडे फोफावले.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आपल्या वैयाकरणांनी धातुसाधितांचा आणि संबंधी सर्वनामांचा विचार केला आहे. शुद्ध मराठीचे अभिमानी मात्र त्यातून एक सोपा नियम काढतात : ‘जो’ दिसला की इंग्रजी छाप समजावी आणि त्याचे ‘-णारा’ किंवा ‘-लेला’ करावे. हा नियम अर्धाच खरा आहे. ‘जो–तो’ ही जोडी मराठीच्या घरची आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या पसायदानातही ती भेटते; तेव्हा ती इंग्रजांनी आणली, असे म्हणता येणार नाही. परके वळण आहे ते ‘जो’च्या जागेत, ‘जो’मध्ये नव्हे.

२

आता अर्थाकडे वळू. इंग्रजीत एका स्वल्पविरामाने मोठा फरक पडतो. ‘कामठीला राहणारा माझा भाऊ’ एवढे मराठीत म्हटले, तर मला एकच भाऊ आहे की अनेक, हे कळत नाही. इंग्रजीत ‘हू लिव्ह्ज इन कामठी’ हे स्वल्पविरामांत घातले, तर भाऊ एकच असून त्याच्याविषयी सहज माहिती दिली आहे असा अर्थ होतो. स्वल्पविराम काढले, तर अनेक भावांतला तो एक निवडला आहे असा. पहिले उपवाक्य वर्णन करते, दुसरे निवड करते.

मराठीतील ‘जो–तो’ ही जोडी स्वभावाने निवड करणारी आहे. ‘माझा जो भाऊ कामठीला राहतो, तो येणार आहे’ असे म्हणताच दुसरे भाऊ आहेत आणि ते येणार नाहीत, असे ध्वनित होते. ज्या गोष्टीला जोड नाही, तिला ही रचना लावली की अर्थ बिघडतो. ‘जो देव दयाळू आहे, त्याची आम्ही स्तुती करतो’ असे वाक्य देवळात वाचले गेले, तर व्याकरणात चूक सापडणार नाही. पण दयाळू नसलेला आणखी एखादा देव आहे की काय, अशी शंका वाक्याच्या पोटात राहते. ‘दयाळू देवाची आम्ही स्तुती करतो’ या वाक्यात ती राहत नाही. व्याकरणाचा हा सांधा येथे थेट श्रद्धेला जाऊन भिडतो.

रोमन उपासनेतील लॅटिन प्रार्थनांचा एक जुना साचा आहे. प्रथम देवाला हाक, मग त्याने काय केले हे सांगणारे ‘क्वी’ने सुरू होणारे उपवाक्य, मग मागणे. हे उपवाक्य निवडीचे नाही, स्तुतीचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, तेव्हापासून या उपवाक्याचे काय करायचे, हा भाषांतरकारांपुढचा प्रश्न आहे. इंग्रजीने त्याची दोन उत्तरे दिली. १९७३ च्या इंग्रजी मिस्साग्रंथाने बहुतेक ठिकाणी उपवाक्य मोडून स्वतंत्र वाक्य केले : तू असे केलेस, म्हणून आता असे कर. २००१ मध्ये रोमहून आलेल्या ‘लितुर्जियाम आउतेन्तिकाम’ या मार्गदर्शक पत्राने मूळ वाक्यातील उपवाक्यांची गुंफण शक्य तितकी राखावी असे सांगितले, आणि २०११ मध्ये वापरात आलेल्या नव्या इंग्रजी मिस्सात ‘हू’ पुन्हा परतला. पहिल्या पद्धतीवर आक्षेप असा होता, की देवाला त्याचीच कृत्ये कळवल्यासारखे वाटते. दुसऱ्या पद्धतीवर आक्षेप असा, की इतकी लांब वाक्ये इंग्रजी कानाला पेलत नाहीत.

मराठीला या वादातील कोणतीही बाजू जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. ‘हे देवा, जो तू आम्हांला निर्माण केलेस’ ही रचना लॅटिनशी इमान राखते, पण मराठी तोंडाला ती अवघड जाते. उलट संबोधनाच्या आधी धातुसाधित विशेषण आले, की मराठी एकदम मोकळी होते : ‘आम्हांला निर्माण करणाऱ्या देवा’. येथे निवड नाही, माहिती देणेही नाही. कृत्य हाच हाकेचा भाग झाला आहे. लॅटिन साच्यातील स्तुती अशा लहान वाक्यांत मराठीइतकी सहज पेलणे इंग्रजीला जमत नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

स्वतंत्र वाक्याचा मार्गही मराठीत इंग्रजीइतका कोरडा होत नाही. ‘तू आम्हांला सोडवलेस’ या वाक्यातील ‘तू’ काढला, तरी ‘सोडवलेस’मधील ‘स’ देवाकडे तोंड करूनच बोलतो. संबोधन क्रियापदाच्या अंगातच मुरलेले असल्यामुळे ते वाक्य कळवण्यापेक्षा आळवण्याकडे झुकते. इंग्रजी क्रियापदाला ही सोय उरलेली नाही.

३

दुसरा फरक काळाचा आहे. ‘जो’च्या उपवाक्यात पूर्ण क्रियापद येते, आणि पूर्ण क्रियापद काळ ठरवायला लावते : करतो, केले, करील. ‘-णारा’ तसे काही विचारत नाही. ‘रोज येणारा पाहुणा’, ‘उद्या येणारा पाहुणा’, ‘त्या काळी नेहमी येणारा पाहुणा’ या तिन्हींत शब्द एकच आहे. काळ आजूबाजूच्या शब्दांवरून कळतो, किंवा मोकळाच राहतो.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत धातुसाधितांचा वापर विपुल आहे, आणि त्यांच्या आधी ग्रीक उपपद लावले की ‘अमुक करणारा’ असा अर्थ थेट तयार होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूला देवाचे कोकरू म्हणतो, तेव्हा जगाचे पाप दूर करण्याची क्रिया मूळ ग्रीकमध्ये अशाच वर्तमान धातुसाधिताने सांगितली आहे. लॅटिनला उपपद नाही. तिने तेथे ‘क्वी’ आणि क्रियापद वापरले. जुन्या इंग्रजी बायबलांनी लॅटिनसारखेच संबंधी सर्वनाम घेतले. मिस्सातील कोकराच्या प्रार्थनेत तर आजचे इंग्रजी उपवाक्यही सोडून स्वतंत्र विधान करते. मराठीत ‘पाप दूर करणारे कोकरू’ असे म्हटले, की आपण लॅटिन आणि इंग्रजी या दोघींना वळसा घालून ग्रीक रचनेच्या अंगणात जाऊन पोहोचतो. पाप एकदा दूर केले, आज करतो की पुढे करील, हे ‘-णारे’ ठरवत नाही. आणि तेथे ते न ठरवणेच अर्थाला धरून आहे.

याहून नाजूक जागा अखेरच्या भोजनाच्या शब्दांची आहे. लूकच्या शुभवर्तमानात शरीर देण्याविषयीचा शब्द ग्रीकमध्ये वर्तमान कर्मणी धातुसाधित आहे. लॅटिन मिस्सात तेथे भविष्यकाळाचे क्रियापद येते, आणि इंग्रजी मिस्सा त्यालाच अनुसरतो. भविष्यकाळ घेतला, की नजर दुसऱ्या दिवशीच्या क्रुसाकडे जाते. वर्तमान घेतला, की मेजावरच्या भाकरीकडे. ‘दिले जाणारे’ या मराठी रूपात दोन्ही सामावतात. या रूपाचे कर्मणी वळण जड आहे आणि त्या गंभीर क्षणी ते जिभेवर अडखळेल, हेही मान्य केले पाहिजे. अशा शब्दांना हात लावण्याचा अधिकार अर्थातच एकट्या-दुकट्या व्यक्तीचा नाही. २०१७ च्या ‘माग्नुम प्रिन्चिपियुम’ या पत्राने भाषांतराची जबाबदारी बिशपांच्या परिषदांकडे अधिक स्पष्टपणे सोपवली आहे, आणि रोमची संमती त्यावर लागते. पण ‘जो’ घेतला तर काळ निवडावा लागतो आणि ‘-णारा’ घेतला तर निवडावा लागत नाही, एवढे तरी जाणत्यांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

‘-णारा’ची मर्यादाही नव्या करारातच दिसते. प्रकटीकरणाच्या आरंभी देवाचे वर्णन आहे, होता आणि येणार अशा तिहेरी रीतीने येते. ग्रीकमध्ये पहिला व तिसरा शब्द धातुसाधित आहे. पण ‘होता’ या अर्थाचे धातुसाधित ग्रीकमध्ये नसल्यामुळे लेखकाने सरळ पूर्ण क्रियापदालाच उपपद लावले आहे. व्याकरण मोडले, पण अर्थ सोडला नाही. मराठीतही ‘असणारा’ आणि ‘येणारा’ सहज मिळतात. ‘होता’साठी तसा शब्द नाही. तेथे आपल्याला ‘जो’कडेच जावे लागते. स्वर्गातील पित्याच्या प्रार्थनेत मात्र उलटा लाभ होतो. ग्रीकमध्ये त्या ठिकाणी क्रियापदच नाही. लॅटिन आणि इंग्रजी या दोन्हींनी संबंधी सर्वनाम व क्रियापद घातले. मराठी ‘स्वर्गातील’ किंवा ‘स्वर्गीय’ म्हणून एका शब्दात मोकळी होते. ‘जो’ही नको आणि ‘-णारा’ही नको.

४

असे असेल तर सरसकट ‘-णारा’च का वापरू नये? याचे उत्तर डोंगरावरील प्रवचनातील धन्यवचने देतात. शोक करणारे, भुकेले, तहानेले, छळ सोसलेले यांच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये धातुसाधितेच आहेत. त्यामुळे नुसते रूपाला रूप जोडायचे, तर ‘-णारे’ आणि ‘-लेले’ हीच निवड योग्य ठरेल. छळाच्या वचनात तर ग्रीक धातुसाधित पूर्ण झालेल्या क्रियेचे आहे. मराठी ‘-लेला’ त्याच्या फार जवळचा, आणि लॅटिनमधील वर्तमानकाळापेक्षा अधिक नेमका.

तरीही येथे ‘जे–ते’ला एक हक्क आहे. ‘शोक करणारे’ म्हटले, की एक गट डोळ्यांसमोर येतो. तो आधीच ठरलेला असतो. ‘जे शोक करतात, ते’ म्हटले, की दार उघडे राहते. वाक्य अर्ध्यावर थांबते, आणि त्या थांब्यात ऐकणारा स्वतःला विचारतो, मी त्यांतला का? ‘जो’ला ‘कोणी’ जोडता येतो : ‘जो कोणी’. ‘-णारा’ला असे बोलावणे जमत नाही. रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणारा साधू कसा ओळखावा, हे सांगणारा तुकोबांचा प्रसिद्ध अभंग सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याची सगळी उभारणी ‘जे’ आणि ‘जो’ यांच्यावर आहे. ‘दुःखितांना आपले म्हणणारा साधू होय’ असे त्याचे केवल वाक्य करून पाहावे. अर्थ राहील, पण कसोटी लावण्याचे आणि ऐकणाऱ्याला तीवर उभे करण्याचे बळ जाईल. देवाच्या बाबतीत जी निवड शंका उत्पन्न करते, तीच निवड माणसाच्या बाबतीत आमंत्रण ठरते. या दोन जागा ओळखणे, हेच या सांध्याचे मर्म होय.

५

तिसरी कसोटी कानाची. पुस्तक पुन्हा उलटून वाचता येते; देवळातले वाचन एकदाच कानावर पडते. मराठी धातुसाधित नामाच्या आधी येत असल्यामुळे श्रोत्याला नाम मिळेपर्यंत सगळे वर्णन मनात धरून बसावे लागते. उदाहरणादाखल रचलेले हे वाक्य पाहा : ‘आपल्या लोकांना गुलामगिरीतून सोडवून, समुद्रातून कोरड्या वाटेने नेऊन, रानात मान्ना देऊन चाळीस वर्षे सांभाळणाऱ्या व वचन दिलेल्या देशात पोहोचवणाऱ्या हे परमेश्वरा, आमचे ऐक.’ वाक्य शुद्ध आहे. इंग्रजीची छाप त्यावर कोठेही नाही. पण हे कोणाला उद्देशून चालले आहे, हे कळेपर्यंत मागच्या बाकावरील म्हातारी दमून जाते. तेच असे वाचावे : ‘परमेश्वरा, आपल्या लोकांना तू गुलामगिरीतून सोडवलेस. रानात त्यांना मान्ना दिलास, आणि वचन दिलेल्या देशात नेऊन पोहोचवलेस. आमचेही ऐक.’ लवाजमा दोन-चार शब्दांचा असेल तोवर ‘-णारा’. त्याहून मोठा झाला की वाक्य मोडावे, असा व्यवहार्य नियम यातून निघतो.

काही नाती तर ‘-णारा’ आणि ‘-लेला’ यांच्या आवाक्यातच नसतात. ‘ज्याच्या हाती आम्ही आमची लेकरे सोपवली, तो देव’ हे ‘आम्ही हाती लेकरे सोपवलेला देव’ असे कोणी म्हणणार नाही. ‘ज्याच्या हाती’, ‘ज्याच्याबरोबर’, ‘ज्याच्यामुळे’ या नात्यांना ‘जो’च लागतो. तेथे इंग्रजी छापेची भीती धरून वाक्य पिळणे, हा मराठीवरच अन्याय होतो.

राहता राहिली ती ‘देव, जो दया करतो’ ही तिसरी रचना. तिचा सरसकट धिक्कार करू नये. निवड न करता, नाम आधी उच्चारून, लांब वर्णन मागून द्यायचे असते, तेव्हा मराठीकडे दुसरे सोपे साधन नसते. ही उणीव भरण्यासाठीच गद्याने ती रचना जवळ केली. मात्र जेथे ‘दया करणारा देव’ म्हणून भागते, तेथे ती वापरणे म्हणजे आळस होय; आणि आपल्या भाषांतरित प्रार्थनांत तिचा वापर बहुधा अशाच ठिकाणी होतो.

६

हा विचार केवळ भाषांतर मंडळांसाठी नाही. मिस्साचे मान्यताप्राप्त शब्द आपल्या हातचे नसले, तरी विश्वासू जनांच्या प्रार्थना बहुधा धर्मग्रामातच लिहिल्या जातात, आणि त्या लिहिणारे हात आपल्याच कुटुंबांतले असतात. पुष्कळदा समोर एखादा इंग्रजी कागद असतो. त्यात आजारी व एकाकी माणसांसाठी प्रार्थना असेल, तर तिची मराठी तीन प्रकारे होऊ शकते. ‘आजारी लोकांसाठी, ज्यांची काळजी घ्यायला कोणी नाही’ ही इंग्रजीची सावली झाली. शिवाय तीत सगळ्याच आजाऱ्यांना कोणी नाही, असा भलताच अर्थ निघतो. ‘काळजी घ्यायला कोणी नसलेल्या आजारी लोकांसाठी’ ही शुद्ध, पण एका दमात निघून जाणारी. ‘जे आजारी आहेत आणि ज्यांची काळजी घ्यायला कोणी नाही, त्यांच्यासाठी’ असे म्हटले, तर ‘त्यांच्यासाठी’ या शब्दापाशी पोहोचेपर्यंत प्रत्येकाच्या मनात आपल्या गल्लीतले एखादे घर उभे राहते. याच प्रार्थनेचा आरंभ मात्र ‘एकाकी माणसांना जवळ घेणाऱ्या पित्या’ असा व्हावा. देवासाठी ‘-णारा’, माणसासाठी ‘जो’ : नियम म्हणून नव्हे, पण लिहिताना पहिला विचार म्हणून हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नागपूरचे प्रमुख देऊळ ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने उभे आहे, त्यांना १९२३ मध्ये अकरावे पायस यांनी लेखकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. भक्तिजीवनावरचे त्यांचे १६०९ चे गाजलेले पुस्तक विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हते. संसारी माणसाला समजावे म्हणून ते फ्रेंचमध्ये लिहिले होते, आणि एका भक्तिशील जिवाला हाक मारून त्याच्याशी बोलत लिहिले होते. पुढच्या रविवारच्या प्रार्थना लिहायला बसणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी : लिहिलेले वाक्य आधी मोठ्याने म्हणून पाहावे, आणि ते कोणाला उद्देशून आहे हे ऐकणाऱ्याला किती शब्दांनंतर कळते, ते मोजावे.